बासरी आणि आभारप्रदर्शन

या, असे जवळ सरकून बसा. पंख्याखालची जागा मोठ्या माणसांना सोडा, बाकीच्यांनी भिंतीला टेकायला माझी हरकत नाही. आज एक गोष्ट सांगतो. कीर्तनातली नाही, माझ्या घरातली आहे. अट एकच: सांगताना मी मध्येच गप्प झालो, तर संपली समजून कोणी उठायचं नाही. ही अट कशासाठी, ते पुढे कळेल.

आयुष्यात मला एकच गोष्ट बरी जमते, ती म्हणजे ऐकणं. नोकरी केली पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, तिथेही लोकांच्या तक्रारी ऐकण्याचं काम माझ्याकडे होतं. त्या दूर करण्याचं काम दुसऱ्या टेबलाचं. देवळात कीर्तन असलं की पहिल्या रांगेत, उजव्या खांबाशी माझी जागा ठरलेली. बुवा पूर्वरंगात कितीही रमोत, त्यांचा घसा बसलेला असो, पेटी भलत्याच सुरात चाललेली असो, मी मांडी मोडत नाही. मला त्यात देव दिसतो. आमच्या हिला त्यात मी भाजी आणायचं टाळतोय हे दिसतं. असो. ज्याची त्याची दृष्टी.

हिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, चष्म्याच्या काचा घासायचं काम करी. लग्न केलं नाही. दुकानाच्या वरच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि बाकी भिंतभर रेकॉर्डी. आमची मुलगी त्याला लहानपणापासून तबकडीमामा म्हणते, आणि मग सगळे नातेवाईकही तेच म्हणू लागले. त्याचं संगीत इंग्रजी, रॉक नावाचं. त्यातही एक विद्वान पंथ आहे म्हणे, प्रोग्रेसिव्ह. मला समजलं ते असं, की साधा रॉक म्हणजे नुसतं भजन धरलं, तर हा पंथ आख्यान लावणारा. एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापून बसतं. गाणारा येतो, दोन ओळी म्हणतो आणि बराच वेळ दिसेनासा होतो. बाकीचे त्याची वाट बघत वाजवत राहतात.

मेहुण्याचा डावा कान आधीच गेलेला होता. मग उजव्या कानामागच्या शिरेवर गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ काढावीच लागेल, जीव वाचेल, कानाचं काही सांगता येत नाही. डॉक्टर लोक काही सांगता येत नाही म्हणाले, की त्यांनी सांगितलेलं असतं.

त्याच आठवड्यात तो आमच्याकडे आला. काखेत एक रेकॉर्ड, जुन्या पंच्यात गुंडाळलेली. जाकिटावर एक ओसाड टेकडी, टेकडीवर एक शिडी, शिडीच्या टोकाला हवेतच एक दार. हिनं ते चित्र बघून विचारलं, "हे दार कुणाच्या घराचं रे?"

"ताई, तेच तर चाळीस मिनिटं शोधतात ते," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "भाऊजी, ऑपरेशनच्या आधी ही एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची आहे. पण एकट्याला नको."

"मग ताई आहे की."

"ताई मध्येच उठून गॅस बघते. तुम्ही तीन-तीन तास मांडी मोडत नाही. मला तुमच्यासारखा ऐकणारा हवाय. फक्त शेजारी बसा. बोलू नका. बस, एवढंच."

मंडळी, मला इतक्या वर्षांत ऑफिसनं निरोपाचं घड्याळ दिलं, ते बंद पडलं. पण असं प्रशस्तिपत्र कुणी दिलं नव्हतं. माझा ऊर भरून आला. सगळी गडबड तिथेच सुरू झाली. माझा ऊर भरून आला की घरात काहीतरी मोडतं, असं ही म्हणते.

पहिला प्रयत्न घरीच केला. मेहुण्याची दोन मोठी लाकडी खोकी, ज्यांना तो स्पीकर म्हणतो आणि ही कपाटं म्हणते, ती जिन्यावरून वर चढवली. पडदे ओढले. त्यानं काटा टेकवला. आधी नुसता वारा. मग लांबून एक बासरी, चार-पाच सुरांची ओळ, कुणी एकट्यानं वाटेनं जाताना फुंकावी तशी. मी डोळे मिटले. तेवढ्यात ड्रम वाजले आणि मला वाटलं आमचं खरं कपाट पडलं. पाठोपाठ दाराची बेल.

खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई दारात उभ्या. हातात छडी नव्हती, पण असल्यासारख्या. "माझ्या छताचा दिवा हलतोय. काय चाललंय?"

"गाणं आहे, बाई."

"गाण्याला तोंड असतं, शेपूट असतं. हे नुसतं पोट आहे. कमी करा."

कमी केलं. तर मेहुण्याच्या कानापर्यंत पोचेना. तो खोक्याला कान लावून बसला, तरी म्हणाला, "मुंग्या चालल्यासारखं वाटतंय." मोठं केलं की बाईंना, हळू केलं की कुणालाच नाही. शेवटी बाईच मऊ पडल्या आणि शिक्षिका जागी झाली. "खाली सोसायटीचं सभागृह रिकामं पडलंय. तिथे लावा ना. माझ्याही डोक्यावर नको आणि तुमच्याही."

"माझ्या खोलीवर ऐकू या, भाऊजी," मेहुणा म्हणाला. "खाली काचा घासायचं मशीन चालू असतं, पण दुपारी जेवायच्या सुट्टीत बंद असतं."

आता मला सांगा, एवढी सरळ वाट समोर असताना मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "छे छे! अशी थोर वस्तू मशीनच्या सुट्टीत ऐकायची?" आणि सेक्रेटरींकडे गेलो.

आमचे सेक्रेटरी माणूस सज्जन, पण नियमांवर त्यांचं पोटच्या पोरासारखं प्रेम. त्यांनी अर्ज पुढे केला. त्यात कार्यक्रमाचे तीनच प्रकार: धार्मिक, शैक्षणिक, आनंदाचे.

"हे कशात बसतं?" त्यांनी विचारलं.

मी विचार केला. धार्मिक लिहिलं तर देवाला काय वाटेल. आनंदाचं लिहिलं तर मेहुण्याला काय वाटेल. "शैक्षणिक," मी म्हणालो.

"मग वक्ता लागतो. वक्ता कोण? आणि श्रोते किमान पंचवीस. दोन माणसांना सभागृह दिलं तर उद्या कुणीही दोघं येऊन बसतील. शिवाय प्रास्ताविक, पाहुण्यांचा सत्कार आणि शेवटी आभार. आभार मी मानतो. मागे एकदा आभार राहिले, तर दोन विंगांचं बोलणं वर्षभर बंद होतं. तेव्हापासून नियमच केलाय."

"वक्ता..." मी घसा साफ केला. "मीच की."

इथे मी जरा थांबतो. उठू नका. फक्त थांबतो. त्या माणसाला ऐकणारा हवा होता, आणि मी तिथे उभ्या उभ्या बुवा झालो.

घरी सांगितलं तेव्हा मेहुण्यानं रेकॉर्ड पुन्हा पंच्यात गुंडाळली. मग म्हणाला, "पंचवीस माणसं?"

"अरे, एकट्यानं ऐकून का कुठे रंग चढतो? कीर्तन भरल्या सभेतच लागतं."

"हे कीर्तन नाही, भाऊजी."

"म्हणूनच तर समजावून सांगायला नको का?" मी म्हणालो. ही स्वयंपाकघरातून नुसती बघत होती. तिच्या त्या बघण्यात एक अख्खं निरूपण होतं, पण ते मी ऐकलं नाही. मी ऐकणारा माणूस, मंडळी! बिचाऱ्या मेहुण्यानं मान हलवली. आजारी माणूस आपल्या माणसांचा उत्साह मोडत नाही. औषध घेतो तसा तो उत्साहही घेतो.

मी तयारीला लागलो. देवळातले मृदंगवाले काका सल्ला द्यायला आले. त्यांनी पहिली बाजू मांडीवर बोटं आपटत ऐकली. सात मात्रांत धरली तर अकरात गेली, अकरात धरली तर उंबरठ्यावर अडकली. शेवटी घाम पुसत म्हणाले, "यांना सम माहीत आहे. मुद्दाम देत नाहीत. मी साथीला बसू का? नुसतं ऐकून कसं चालेल?" त्यांना कसंबसं परतवलं, पण ते रागावले आणि पहिल्या रांगेतली जागा माझ्याकडून कबूल करून घेऊनच गेले.

मग खालच्या मुख्याध्यापिकाबाई बाजारात गेल्याची खात्री करून मी एकट्यानं दुसरी बाजू लावली. निरूपणाला अभ्यास नको? गंमत अशी, की मला ती आवडली. खोटं नाही सांगत. तो धुमाकूळ, ती पेटीसारखी वाजणारी वाद्यं, मध्येच गाणाऱ्यानं कुणाला तरी मारलेली हाक. शब्द मला कळले नाहीत, पण हाक कळली. कुणीतरी शिडी चढतंय आणि दार मागे मागे सरकतंय, एवढं बसल्या जागी समजलं. मग सगळा कल्लोळ एकदम थांबला. शांतता. अशी शांतता कानाला लागली, की हात जोडायचे, ही माझी कीर्तनातली सवय. हात जोडले, काटा उचलला, रेकॉर्ड पुसून पंच्यात गुंडाळली.

संध्याकाळी मेहुण्यानं विचारलं, "शेवटपर्यंत ऐकलीत?"

"अगदी शेवटपर्यंत!"

त्याचा चेहरा असा उजळला, की काय सांगू. "मग तुम्हाला कळलं."

"कळलं तर!" मी म्हणालो.

"मग तो शेवट कुणाला आधी सांगू नका हं. तो आपणहून यावा लागतो."

मी वचन दिलं. जे मला ठाऊकच नव्हतं, ते गुपित मी प्राणपणानं जपलं.

कार्यक्रम ठरला रविवारी दुपारी. सकाळी हॉस्पिटलातून फोन आला, खाट आजच मोकळी होतेय, संध्याकाळी भरती व्हा, नाहीतर खाट दुसऱ्याला. म्हणजे कार्यक्रम संपला की थेट तिकडे. हिनं भावाची पिशवी भरली आणि सभागृहाच्या दाराशी घेऊन बसली. ती पिशवी बघूनसुद्धा मला शहाणपण आलं नाही. सभागृह भरलं होतं ना! पंचवीस सोडाच, माणसं दारात उभी. सोसायटीत रविवारी दुपारी दुसरं असतं काय?

पहिली अडचण व्यासपीठाची. ते आतून पोकळ. कुणी पाऊल टाकलं की काटा उडी मारे. चार गाद्या घालून त्यावर मशीन ठेवलं. ते असं दिसू लागलं, की लोक वाकून नमस्कार करू लागले. दुसरी अडचण पाहुण्यांची. मेहुणा आपला गुपचूप तिसऱ्या रांगेत, दोन्ही खोक्यांच्या बरोबर मध्ये, डोळे मिटून बसला होता. सेक्रेटरींनी त्याला उठवलं. "पाहुणे खाली? छे! व्यासपीठावर चला."

"मला इथूनच नीट ऐकू येतं."

"अहो, ऐकू काय, दिसायला नको का तुम्ही?"

आणि त्याला वर नेऊन खुर्चीवर बसवलं. खोकी लोकांकडे तोंड करून, आणि तो खोक्यांच्या मागे. ज्याच्यासाठी सगळं मांडलं, त्याच्याकडे आवाजाची पाठ. वर सेक्रेटरी मानाने त्याच्या उजव्या हाताला बसले, म्हणजे त्याच्या उरल्यासुरल्या कानाशी. त्यांच्या पुढे माईक.

मी खालून बघत होतो. मला हे सगळं दिसलं. पण पुष्पगुच्छ माझ्या हातात होता, आणि पुष्पगुच्छ हातात असला की माणसाला दुसरं काही सुचत नाही.

पहिली बाजू लोकांनी मोठ्या धीरानं ऐकली. सात-अकराच्या त्या रानात मृदंगवाले काका हात हवेत धरून समेची वाट बघत राहिले. मुख्याध्यापिकाबाई मला खुणेनं म्हणाल्या, इथे बरं वाटतंय. बाजू संपली. रेकॉर्ड उलटायची वेळ आली, आणि मला वाटलं, देवानंच हा मोकळा अवकाश निरूपणासाठी ठेवलाय. पूर्वरंग झाला, उत्तररंग व्हायचाय, मध्ये बुवा नको?

"दोन शब्द बोलतो," मी म्हणालो.

त्या दोन शब्दांचं काय वर्णन करू! शिडी म्हणजे साधना, दार म्हणजे मुक्ती, ड्रम म्हणजे संसार. संसारावर आल्यावर मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत शिरलो, तिथून घरात आलो. लोक हसले. लोक हसले म्हणजे गेलंच सगळं. आयुष्यभर मी खांबाशी बसून ज्या हशाची मजा घेतली, तो पहिल्यांदाच माझ्याकडे येत होता. हिनं दारातून पिशवी उंचावून दाखवली, तेव्हा कुठे थांबलो.

मेहुणा वर शांत बसला होता. मी काटा टेकवला, तेव्हा त्यानं मान किंचित तिरकी केली, सेक्रेटरींच्या खांद्यावरून आवाज यावा म्हणून. डोळे मिटले. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊ लागलं. मी ते बघत होतो आणि संगीत कमी ऐकत होतो, हेही कबूल करतो. हाक आली. कल्लोळ वाढला. शिडीची शेवटची पायरी. आणि शांतता.

मी हात जोडले. माझे हात जोडलेले बघून सेक्रेटरी उठले. ठरलंच होतं तसं: संगीत थांबलं, की आभार.

मेहुण्यानं डोळे उघडले. हात वर केला. तळवा पुढे, बोटं ताठ. थांबा.

लोकांना वाटलं, पाहुणे अभिवादन स्वीकारतायत. टाळ्यांचा कडकडाट झाला. सेक्रेटरींनी माईक जवळ ओढला, तो कुंई करून किंचाळला, थेट त्या एका कानाशी. "आजच्या या शैक्षणिक कार्यक्रमाला..."

आणि टाळ्यांच्या खालून, सतरंज्या गुंडाळणाऱ्यांच्या, खुर्च्या ओढणाऱ्यांच्या, चपला शोधणाऱ्यांच्या खालून मला काहीतरी ऐकू आलं. चार-पाच सूर. वाटेनं एकट्यानं फुंकावी तशी ती बासरी. पहिल्या वाऱ्यातली. ती परत आली होती. सगळ्या कल्लोळातून, सगळ्या शिड्या चढून-उतरून, ती घरी परत आली होती. बुवा शेवटी पहिल्या पदावर येतात ना, तशी. मंडळी, सबंध सभागृहात हे ओळखायला माझ्याहून लायक माणूस नव्हता. मी काट्याकडे धावलो, की काहीतरी करावं, थांबवावं, मागे न्यावं. पण माझं पाऊल पोकळ व्यासपीठावर पडलं, काटा चार गाद्यांवरून उडाला आणि रेकॉर्डच्या मधल्या कागदावर खर्र खर्र करू लागला.

"...सतरंज्या घालणाऱ्यांचेही आम्ही ऋणी आहोत," सेक्रेटरी म्हणाले.

गाडीत मेहुणा खिडकीशी, ही पुढे, मी त्याच्या शेजारी. शेवटी त्यानंच विचारलं, "भाऊजी, शेवट ऐकलात?"

खोटं बोलणार होतो. जमलं नाही. "एक धागा ऐकला. तू?"

"नाही हो." आणि तो हसू लागला. "पण आभार स्वच्छ ऐकू आले. सतरंजीवाल्यांसकट."

मी माझ्या फोनवर तीच चीज शोधून काढली, त्याच्या कानाशी धरली. आधी साबणाची जाहिरात लागली. मग वाजू लागली, तर त्यानं माझा हात हळूच खाली केला. "राहू दे. माईक किंचाळल्यापासून कानात नुसती शिट्टी आहे. उद्या सकाळी बघू."

सकाळी त्याला लवकर आत नेलं.

गाठ निघाली. जीव वाचला. देवाची कृपा, आणि ती लहान नाही, हे मी रोज स्वतःला सांगतो. कानाचं मात्र डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, तसंच झालं.

आता तो रविवारी दुपारी येतो. मुख्याध्यापिकाबाईंनी छताचा दिवा आपणहून काढून ठेवलाय आणि निरोप पाठवलाय, वाजवा, मी काही म्हणणार नाही. मी मोठ्यानं लावतो. मेहुणा लाकडी खोक्यावर दोन्ही तळवे टेकवून बसतो. ड्रम त्याला तळव्यांत कळतात, जाड तारांचं वाद्य कोपरापर्यंत चढतं म्हणतो. कल्लोळ वाढला, की तो हसतो. मी शेजारी बसतो. बोलत नाही, मांडी मोडत नाही. ही उठून गॅस बघत नाही.

मग शांतता येते. खोकं मुकं होतं. तो माझ्याकडे बघतो. बासरी इतकी बारीक आहे, मंडळी, की हाताला लागत नाही. लाकडातून ती येतच नाही. कान असलेल्या माणसालाच ऐकू यायची ती. म्हणून ती आली, की मी नुसता त्याच्या हातावर हात ठेवतो. तो डोळे मिटतो. मी हात उचलेपर्यंत मिटून ठेवतो. आणि मी, खोटं कशाला बोलू, सूर संपल्यावरही हात जरा उशिराच उचलतो.

संपलं. आता उठलात तरी चालेल. फक्त एवढं करा: पुढे कधी काही ऐकायला बसलात, आणि सगळं एकदम शांत झालं, आणि शेजारचा माणूस चपला शोधू लागला, तर त्याचा हात धरून त्याला खाली बसवा. आणि बसल्या बसल्या, चष्म्याच्या काचा घासणाऱ्या माझ्या मेहुण्याची एकवार आठवण काढा.